वकीलताईंना विचारा : सिनेमाची जाहिरात आणि टीव्हीवरची कात्री

मागे एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की माझे वडील, आबा, चोपड्याला एका टॉकीजच्या प्रचाराचं काम करायचे. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली, तेवढी सातबाऱ्यावरच्या उत्तरांनाही कधी आली नव्हती. कुणाला टांग्यावरचा भोंगा आठवला, कुणाला सारंगखेड्याच्या यात्रेतला तंबूतला सिनेमा. पण पाच पत्रांत मला खरा प्रश्न दिसला. टीव्हीवर सिनेमाची जाहिरात दाखवायची का, केव्हा दाखवायची आणि ती अडवायचा हक्क कुणाला, असा तो प्रश्न. म्हणून या महिन्यात वाटणीचे आणि बांधाचे वाद बाजूला ठेवते.

प्रश्न : वकीलताई, रात्री साडेआठला आम्ही घरातले सगळे एकत्र जेवायला बसतो, समोर मालिका चालू असते. मागच्या आठवड्यात मध्येच एका सिनेमाची जाहिरात लागली. अंधारी विहीर, तिच्यातून वर येणारा हात आणि बाईची किंकाळी. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तेव्हापासून ती रात्री मोरीत एकटी जात नाही, झोपेतून दचकून उठते. आम्ही काही सिनेमाला गेलो नव्हतो, सिनेमाच आमच्या ताटापर्यंत आला. सरकार असल्या जाहिरातींवर सरसकट बंदी का घालत नाही? (एक आई, पारोळा)

उत्तर : ताई, ‘सिनेमाच आमच्या ताटापर्यंत आला’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुमची तक्रार रास्त आहे आणि कायद्यालाही ती मान्य आहे. तिकीट काढून आत जाणारा माणूस ठरवून जातो. टीव्हीवरची जाहिरात न विचारता घरात येते. म्हणूनच टॉकीजपेक्षा टीव्हीचे नियम कडक आहेत. केबल टीव्हीचा कायदा १९९५चा, त्याचे नियम १९९४चे. त्यातला सहावा नियम असं सांगतो की सिनेमा, सिनेमातलं गाणं, प्रोमो किंवा ट्रेलर यांपैकी काहीही टीव्हीवर दाखवायचं असेल, तर त्याला आधी सेन्सॉर बोर्डाचं, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र हवं, आणि तेही सर्वांना बघता येईल अशा वर्गातलं. ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीचा सिनेमा टीव्हीला चालत नाही. त्याच नियमात आणखी एक कलम आहे, ते तुमच्या कामाचं. मुलांना योग्य नाही असं काही, सर्वांत जास्त मुलं टीव्हीसमोर असतात त्या वेळेला दाखवू नये.

तुम्ही पाहिलेल्या जाहिरातीला बहुधा प्रमाणपत्र असेलच. पण ती किती वाजता लावायची हे चॅनेल ठरवतं. साडेआठ ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात पोरं जागी असण्याची वेळ आहे. तेव्हा बोट चॅनेलकडे दाखवा, सिनेमाकडे नको.

आता करायचं काय, ते सांगते. तारीख, वेळ, चॅनेलचं नाव आणि मधे कोणती मालिका चालू होती, एवढं कागदावर लिहा. शक्य असेल तर पुढच्या वेळी फोनवर अर्धा मिनिट चित्रण करून ठेवा. मग चॅनेलच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२१मध्ये केबलच्या नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून चॅनेलने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर त्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे जाता येतं आणि त्याच्याही वर केंद्र सरकार आहे. जाहिरातींसाठी मुंबईला ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही १९८५पासूनची वेगळी संस्था आहे, तिथेही तक्रार चालते. पोस्टकार्डाएवढा मजकूर पुरतो. पण ‘माझ्या मुलीला भीती वाटली’ एवढंच लिहू नका. ‘अमुक तारखेला ८ वाजून ४० मिनिटांनी’ असं लिहा.

सरसकट बंदीला मात्र माझा विरोध आहे. मुलांचं नाव पुढे केलं की नको ते अडतंच, पण हवं तेही अडतं. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने चॅनेलना कळवलं होतं की निरोधच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० या वेळात दाखवू नका. पुढे, ज्या जाहिराती केवळ माहिती देतात, उत्तान नाहीत, त्यांना ही अट नाही, असं स्पष्ट करावं लागलं. ज्या तालुक्यांत अजून सोळा-सतराव्या वर्षी मुलींची लग्नं लावली जातात, तिथे अशी माहिती रात्री दहानंतर ढकलून कसं चालेल?

आणि ताई, घरातला फोनही तपासा. यूट्यूबवर ट्रेलर टाकायला बोर्डाचं प्रमाणपत्र लागत नाही. जानेवारी २०२२मध्ये एका मराठी सिनेमाच्या ट्रेलरमधल्या दृश्यांवरून राष्ट्रीय महिला आयोगाने माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहिलं होतं. तक्रार हीच होती की वयाची कुठलीही अट न घालता ही दृश्यं उघड्यावर फिरताहेत. त्या वेळी टीव्हीचे सगळे नियम जागच्या जागी होते. पोरांच्या हातात जे होतं त्याला नियम नव्हता.

मुलीला घेऊन एकदा दिवसाउजेडी मोरीपर्यंत जा. विहिरीतला हात रबराचा असतो, त्याला लाल रंग लावतात, हे तिला सांगा. माझ्या लेकाची भीती अशीच गेली होती.

प्रश्न : ताई, आम्ही सहा मित्रांनी मिळून दीड तासाचा अहिराणी सिनेमा केला. कापूस वेचायला आलेल्या मजुरांची गोष्ट आहे. ४० सेकंदांची जाहिरात तयार करून आमच्या भागातल्या केबलवाल्याकडे नेली. त्याने सर्टिफिकेट मागितलं आणि परत पाठवलं. त्याच केबलवर हिंदी सिनेमांच्या जाहिराती दिवसभर चालतात. आमच्या भाषेचा आवाज दाबण्याचा हा प्रकार नाही का? (एक तरुण दिग्दर्शक, शिरपूर)

उत्तर : भाऊ, पहिल्यांदा कटू बोलते. केबलवाला कायद्याने बरोबर आहे. वरच्या उत्तरातला सहावा नियम तुमच्या ४० सेकंदांनाही लागू आहे. अहिराणी, हिंदी असा भेद त्यात नाही. प्रमाणपत्र नसताना त्याने जाहिरात चालवली असती, तर त्याची यंत्रसामग्री जप्त करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, प्रांतांनाही आहे. तो घाबरला, ते बरोबरच झालं. आणि तुम्ही गावच्या मंगल कार्यालयात तिकीट लावून खेळ केला असेल, तर त्यालाही प्रमाणपत्र लागतं, हे ध्यानात असू द्या. सिनेमाचं वेगळं आणि प्रोमोचं वेगळं.

अर्ज आता ऑनलाइन करता येतो. मंडळाचं मुख्य कार्यालय मुंबईला आहे आणि आपल्याकडची कामं तिथेच जातात. सिनेमा बघायला तपासणी समिती बसते. तिने काही कापायला सांगितलं, तर का कापायचं ते लेखी मागा. तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्यांना प्रमाणपत्र नाकारता येत नाही, हे १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातच लिहिलंय. समितीचं पटलं नाही तर फेरतपासणी समितीकडे जाता येतं.

यापुढची पायरी मात्र मोडून टाकली, आणि त्याचं मला मनापासून दुःख आहे. पूर्वी त्याच्यावर अपिलासाठी एक न्यायाधिकरण होतं. मोठा वकील लावायची गरज नसायची, माणूस स्वतः जाऊन आपलं म्हणणं मांडू शकायचा. एप्रिल २०२१मध्ये एका अध्यादेशाने ते बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबादचं खंडपीठ आहे. पण मंडळाचं कार्यालय मुंबईत, त्यामुळे अर्ज कुठे दाखल करायचा यावरच पहिली तारीख जायची शक्यता. कोट्यवधींचा सिनेमा असणाऱ्याला ही गोष्ट किरकोळ आहे. ज्याने बहिणीच्या लग्नाला ठेवलेले पैसे कॅमेऱ्याच्या भाड्यात घातले, त्याने कुठे जायचं?

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे. मोठ्या नटाच्या सिनेमाची टीव्हीवरची जाहिरात उद्या बंद झाली, तरी चहाच्या टपरीवर पोरं त्याच सिनेमाबद्दल बोलत राहतील. तुमचा सिनेमा मात्र त्या ४० सेकंदांत असतो किंवा नसतो. यावलच्या बाजारात किंवा साक्रीच्या एखाद्या पाड्यावर, ‘आपल्या बोलीत सिनेमा आलाय’ हे लोकांना कळायचा दुसरा मार्ग काय? म्हणून छोट्या माणसाची जाहिरात अडते, तेव्हा मी ते जाहिरात अडणं मानत नाही, सिनेमा अडणं मानते. सिनेमाची आधी तपासणी करणं घटनेत बसतं का, हा प्रश्न ख्वाजा अहमद अब्बास यांनी एका लघुपटाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात नेला होता. १९७०मध्ये न्यायालय म्हणालं, बसतं. पण तपासणाऱ्यांपुढे निकष स्पष्ट हवेत आणि कलेला जागा राहिली पाहिजे, असंही त्यांनी बजावलं. वयाप्रमाणे वर्ग पाडणं मला मान्य आहे. २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’मध्ये, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या वर्गात, ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे केले, हे चांगलं झालं. पण धुळ्या-नंदुरबारच्या पोराला मुंबईपर्यंत हेलपाटे घालायला लावणारी पद्धत ही न बोलता केलेली मनाई ठरते. या भागातून पाच-सहा गट एकत्र येऊन अर्ज करणार असतील, तर कागदपत्रं तपासून द्यायला मी बसेन. फी नको.

प्रश्न : आपल्या सदराचा मी नियमित वाचक आहे. चाळीस वर्षं मराठी शिकवलं. साने गुरुजींच्या अमळनेरात वाढलो, त्यामुळे लेखनस्वातंत्र्याचं मोल मला कुणी सांगायला नको. परंतु जाहिरात म्हणजे निव्वळ धंदा. साबण विकणं आणि सिनेमा विकणं यात फरक तो काय? जाहिरातीला ‘कलेचं स्वातंत्र्य’ कशाला चिकटवायचं? (एक निवृत्त शिक्षक, अमळनेर)

उत्तर : सर, तुम्ही गुरुजींचं नाव काढलंत, म्हणून तिथूनच सुरुवात करते. त्यांच्या ‘पत्री’ या कवितासंग्रहाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त केल्या होत्या. कविता लिहायला सरकार अडवू शकलं नाही, कविता लोकांपर्यंत पोचायला अडवलं. लिहिणं आणि पोचवणं यांचा एवढा जवळचा संबंध आहे.

कायद्यातही तुमच्यासारखंच मत एके काळी होतं. १९५९मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की औषधविक्रीसाठी केलेली जाहिरात ही विचारस्वातंत्र्यात मोडत नाही. पण १९९५मध्ये टाटा प्रेस आणि महानगर टेलिफोन निगम यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने व्यापारी जाहिरातही घटनेच्या १९(१)(क)खाली, म्हणजे भाषणस्वातंत्र्यात, येते असं म्हटलं. कारण तिच्यातून ग्राहकाला माहिती मिळते, आणि ती मिळवण्याचा हक्क ऐकणाऱ्यालाही आहे. खोटी, फसवी जाहिरात अडवता येते, ते वेगळं.

फसवणुकीचंही एक ताजं उदाहरण आहे, आपल्या शेजारच्या औरंगाबादचं. एका बाईंनी जाहिरातीतलं गाणं पाहून मुलांसह हिंदी सिनेमा बघितला, आणि सिनेमात ते गाणंच नव्हतं. मुलं हिरमुसली. त्या ग्राहक मंचात गेल्या. राज्य आयोगाने त्यांना १०,००० रुपये भरपाई दिली. पण एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रोमो हा करार नाही, वचनही नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. म्हणजे सर, साबणाच्या जाहिरातीसारखा तो मालाचा नमुना मानला गेला नाही. तो सिनेमाकडे बोलावणारा एक सर्जनशील तुकडा मानला गेला. त्या बाईंची निराशा मला समजते, तरी निकाल मला पटतो.

आता कायदा ठेवते बाजूला आणि आबांची गोष्ट सांगते. बहुतेकांनी तीच विचारली आहे.

मी सहावीत होते. आबा संध्याकाळी पितळी बादलीत मैद्याची खळ शिजवायचे. तिच्यात मोरचूद टाकायचे, नाहीतर गायी रात्रीतून पोस्टर चाटून खाऊन टाकत. हात निळसर व्हायचे, जेवतानाही तो वास जायचा नाही. त्या आठवड्यात एका सिनेमाचं पोस्टर आलं होतं. पुराच्या पाण्यात कमरेपर्यंत उभी बाई, ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, आणि छातीशी धरलेलं तान्हं पोर. आबांनी ते एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी हवालदार आले. म्हणाले, ओल्या कपड्यातली बाई चौकात चालणार नाही, झाका. लेखी काही नाही, कलम नाही, फक्त ‘झाका’.

आबांनी माझ्या शाळेच्या पिशवीतून काळा घोटीव कागद मागून घेतला. हस्तकलेच्या तासाला आणलेला होता. वीतभर रुंद पट्टी कापली आणि खांद्यापासून कमरेपर्यंत आडवी चिकटवली. मी शेजारी खळीचा ब्रश धरून उभी होते. पट्टी बसली आणि पोर दिसेनासं झालं. उरला बाईचा चेहरा, एक उघडा खांदा, आणि काळं.

त्या आठवड्यात रात्रीच्या खेळाला न पाहिलेली गर्दी झाली. मध्यंतरात निम्मे पुरुष शिव्या देत बाहेर पडले, कारण जे बघायला आले होते ते सिनेमात कुठे नव्हतंच. आणि गुरुवारी दुपारचा जनाना खेळ, ज्याला शेजारच्या खेड्यांतून बैलगाडीने बाया यायच्या, त्याला सात बायका आल्या. माझ्या आईला शेजारणीने विचारलं, ‘तुमचे आबा असलं पिच्चर कसं लावतस?’ सिनेमा पुरात वाहून जाणाऱ्या लेकराचा होता, बाळंतिणीचा होता. तो ज्यांच्यासाठी होता, त्यांच्यापर्यंत पट्टीने जाऊ दिला नाही. टॉकीजच्या दारातला हमाल रोज विचारायचा, ‘पट्टीनाखाले काय शे हो आबा?’ आबा एकच उत्तर द्यायचे, ‘पोर शे. दुसरं काही नही.’ त्याला ते कधीच खरं वाटलं नाही.

जाहिरात झाकली की सिनेमाबद्दल खोटं सांगितलं जातं, हे मी तेव्हा शिकले. सर, साबणाच्या कागदावर पट्टी लावली तर साबण तोच राहतो. सिनेमाचं तसं होत नाही.

बाईचं बीभत्स चित्र लावून धंदा करणाऱ्याची बाजू मी घेत नाही. त्याच्यासाठी १९८६चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदा आहे आणि त्याखाली मी स्वतः तक्रारी दाखल केल्या आहेत. पण त्यात आरोप लेखी असतो, उत्तर द्यायला संधी असते, न्यायाधीश असतो.

प्रश्न : मॅडम, मी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकतो. अमेरिकेत भाषणस्वातंत्र्य सर्वांत जास्त असं शिकवतात. तिथेही सिनेमाची टीव्हीवरची जाहिरात अडवली गेली होती, असं वाचलं. ते कसं? आणि आपल्याकडे निवडणुकीत असं होतं का? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : तिथला खटला मोठा आहे, थोडक्यात सांगते. २००२मध्ये तिथे कायदा झाला की पक्षांतर्गत निवडणुकीआधी ३० दिवस आणि मुख्य निवडणुकीआधी ६० दिवस, कंपन्या आणि कामगार संघटनांनी उमेदवाराचं नाव घेणाऱ्या टीव्ही जाहिरातींवर पैसा खर्च करायचा नाही. २००८मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ नावाच्या संस्थेने, तेव्हा अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा चित्रपट केला. त्यांना तो केबलवर मागणीनुसार दाखवायचा होता आणि त्याच्या १० आणि ३० सेकंदांच्या जाहिराती टीव्हीवर द्यायच्या होत्या. कायद्याने अडेल म्हणून ते कोर्टात गेले. यात एक गोष्ट लक्षात ठेव. याच संस्थेने २००४मध्ये बुश यांच्यावर टीका करणाऱ्या मायकेल मूर यांच्या चित्रपटाच्या टीव्ही जाहिरातींविरुद्ध निवडणूक आयोगाकडे तक्रार केली होती, आणि आयोगाने ती फेटाळली होती. दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरलेला कायदा आपल्याच दारात कसा येतो, त्याचं हे उदाहरण.

सुनावणीत न्यायाधीशांनी विचारलं की मग याच तत्त्वाने पुस्तकही अडवता येईल का? सरकारी वकिलाला होकाराच्या बाजूने बोलावं लागलं आणि तिथेच खटल्याचा रंग बदलला. २१ जानेवारी २०१० रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी संस्था जिंकली. या निकालाने कंपन्यांच्या पैशाला निवडणुकीत मोकळं रान मिळालं, ते मला पटत नाही. पण सिनेमा आणि त्याची जाहिरात अडू नये, हा भाग पटतो. दोन्ही एकाच निकालात आहेत, म्हणून अभ्यास करताना वेगळे करून वाच.

आपल्याकडे टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी तपासून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४च्या आदेशापासून ही पद्धत आहे आणि त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन समिती असते. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६व्या कलमाने मतदान संपण्याआधीचे ४८ तास टीव्ही आणि सिनेमातून प्रचार बंद. १० एप्रिल २०१९ रोजी निवडणूक आयोगाने त्याहून पुढे जाऊन, आचारसंहितेच्या काळात राजकीय पक्षाला वा नेत्याला फायदा होईल असे चरित्रपट दाखवायला मनाई केली. पंतप्रधानांवरचा चरित्रपट त्यामुळे थांबला आणि मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी, २४ मे रोजी लागला. ४८ तासांची शांतता मला मान्य आहे, कारण ती सगळ्यांना सारखी आहे आणि तिची सुरुवात-शेवट ठरलेला आहे. आठवडेच्या आठवडे एखादी कलाकृती कुलपात ठेवणं, मग ती कुणाच्याही बाजूची असो, मला मान्य नाही. तुझ्या शिक्षकांचं मत वेगळं असू शकेल, त्यांच्याशी वर्गात जरूर वाद घाल.

प्रश्न : ताई, माझा धुळ्यात केबलचा व्यवसाय आहे. एका सिनेमाचा प्रोमो लोकल चॅनेलवर चालू होता. प्रमाणपत्र आहे, प्रत माझ्याकडे आहे. मंगळवारी दहा-बारा जण ऑफिसात आले. म्हणाले, आमच्या भावना दुखतात, बंद कर, नाहीतर वायर तोडू. मी बंद केला. निर्मात्याचा माणूस आता पैसे परत मागतोय. माझं चुकलं का? (एक केबल व्यावसायिक, धुळे)

उत्तर : भाऊ, तुमच्या मागे बायको-पोरं आहेत. रस्त्याच्या खांबांवरून गेलेल्या वायरचं रक्षण तुम्ही एकट्याने करायचं, असं मी म्हणणार नाही. पण कायदा तुमच्या बाजूला आहे, तो माहीत असू द्या.

१९८९मध्ये एका तामिळ चित्रपटाच्या खटल्यात, रंगराजन विरुद्ध जगजीवन राम, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दंगा होईल ही भीती पुढे करून सरकारला चित्रपट थांबवता येत नाही. धोका दारूच्या कोठारात पडलेल्या ठिणगीसारखा समोर दिसला पाहिजे. धमकी देणाऱ्यांना आवरणं हे सरकारचं काम. त्याच्या आदल्या वर्षी ‘तमस’ या दूरदर्शनवरच्या मालिकेच्या खटल्यात न्यायालयाने एक मोजमाप वापरलं होतं. ते मूळचं आपल्या नागपूरचं, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेलं. बोलण्याचा परिणाम तपासायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेतून. ज्याला जिकडेतिकडे धोका दिसतो, त्याच्या नजरेतून नाही. वायर तोडण्याची धमकी देणारे दहा जण म्हणजे गाव नाही.

प्रक्षेपण थांबवण्याचा अधिकार केबल कायद्याने दिलेला आहे, पण तो जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त अशा नेमलेल्या अधिकाऱ्याला, तोही कारण देऊन आणि लेखी. जे मंगळवारी आले त्यांच्यापैकी कुणालाही नाही.

उद्याच हे करा. त्या दिवशीची हकीकत, किती वाजता आले, काय म्हणाले, ऑफिसात कोण कोण हजर होतं, सीसीटीव्ही असेल तर चित्रण, असा अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्जात प्रोमोच्या प्रमाणपत्राचा क्रमांक घाला आणि प्रत जोडा. ‘प्रोमो पुन्हा सुरू करत आहे, संरक्षण मिळावं’ असं स्पष्ट लिहा. निर्मात्याला तीच प्रत पाठवा आणि पैसे परत न करता उरलेले दिवस चालवून देतो असं कळवा. मान्य करेल, त्यालाही प्रोमो चाललेलाच हवा आहे. पोलीस ठाण्यात अर्ज तोंडी ऐकून घेऊन ‘बघतो’ म्हणतील. तेवढ्यावर उठू नका. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, शिक्का घ्या, आणि ती प्रत मला पाठवा.